एकट्याचे दीड लाख की गल्लीच्या पावत्या? आमच्या फुटबॉल टुर्नामेंटबद्दल सल्ला पाहिजे

मोटारभरणारा (परभणी)

नमस्कार मंडळी. रविवारी आमच्या मंडळाची बैठक आहे आणि तिथं मला हो किंवा नाही म्हणायचंय. त्याआधी चार जाणत्या माणसांचं ऐकावं म्हणून लिहायलोय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आमच्या भागात दरवर्षी डिसेंबर-जानेवारीत फुटबॉलची टुर्नामेंट होते. मी शाळेत होतो तेव्हापासून होते. मैदान काळ्या मातीचं. टुर्नामेंटच्या आधी पोरं बाभळीचे काटे वेचतात, टँकरनं पाणी मारून जमीन दाबून घेतात, मग फक्की मारायची. गोलाचे खांब जीआय पाइपचे, माझ्याच दुकानात वेल्डिंग केलेले. खर्च सगळा वर्गणीतून. पावतीपुस्तक घेऊन दुकानोदुकानी फिरायचं. कुणी पन्नास देतो, कुणी पाचशे. मशिदीजवळचा बेकरीवाला रोख देत नाही, पण टुर्नामेंट संपेपर्यंत खेळणाऱ्या पोरांना रोज पाव पाठवतो.

यंदा प्लॉटिंगचा धंदा करणारे एक साहेब पुढं आलेत. म्हणतात, सगळा खर्च माझा. पहिलं बक्षीस दीड लाख, फ्लडलाइट, युट्यूबवर लाइव्ह. त्यांच्या अटी अशा: टुर्नामेंटला त्यांच्या वडिलांचं नाव, तेही कायमचं. संघांनी बाहेरून कितीही खेळाडू आणावेत, मग ते हैदराबादहून येवोत की पुण्याहून. मॅचेस संध्याकाळी सुरू करून रात्री उशिरापर्यंत. आणि एकदा शिट्टी वाजली की मॅच मध्ये थांबवायची नाही, कारण इव्हेंटवाल्यांचं वेळापत्रक असतं.

ही शेवटची अट बाहेरच्या माणसाला साधी वाटेल. आमच्याकडं दिवसाची शेवटची मॅच पाचला सुरू होते, तीस-तीस मिनिटांचे हाफ. मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजची, अजान झाली की रेफ्री शिट्टी वाजवतो. ज्यांना नमाज पढायचीय ते मैदानाच्या कडेला जातात, बाकीचे पाणी पितात, बुटाच्या नाड्या आवळतात. रेफ्रीनं घड्याळ थांबवलेलं असतं. पोरं परत आली की जिथं बॉल होता तिथूनच खेळ सुरू. तसंच एकादशीला आम्ही फायनल ठेवत नाही, कारण वडीलधारी मंडळी कीर्तनाला गेलेली असतात. माझी आई माळकरी, माहेर गंगाखेड, जनाबाईचं गाव. तिला ऑफसाइड कळत नाही, पण फायनल कधी आहे हे ती पंचांग बघून मला आधी सांगते. हे कुठं लिहून ठेवलेलं नाही. कुणी भाषण करून सुरू केलेलंही नाही.

आता माझ्याबद्दल थोडं, म्हणजे मला हे एवढं का लागलंय ते कळेल.

१९८६च्या जूनमध्ये आमच्या गल्लीत एकच टीव्ही होता, ब्लॅक अँड व्हाइट. अर्जेंटिना-इंग्लंड मॅच आपल्याकडं रात्री साडेअकराला सुरू झाली. पोरासोरांना अंगणात बसवून टीव्ही खिडकीत ठेवला होता. मॅराडोनाचा पहिला गोल हाताचा होता हे आम्हाला तेव्हा समजलंच नाही, चित्र तेवढं स्पष्ट नव्हतं. चारच मिनिटांनी दुसरा गोल आला. अर्ध्या मैदानामागून बॉल घेतला आणि एकेक करत सगळ्यांना मागं टाकत गेला. आमच्या शेजारचे चाचा, जे कधी कुणाशी मोठ्यानं बोलत नसत, ते उभे राहून ‘अरे जा, जा, जा’ म्हणत होते. त्या रात्रीपासून मी फुटबॉलचा. पुढं मोटार रिवाइंडिंगचं दुकान टाकलं. रब्बीत व्होल्टेज पडलं की पंपाच्या मोटारी जळतात, मग रात्र-रात्र काम चालतं. कॉइलचे वेढे मोजत, वार्निशच्या वासात मी कित्येक चॅम्पियन्स लीग फायनल ऐकल्यात. वेढा चुकला की सगळी कॉइल उकलावी लागते, म्हणून स्क्रीनकडं बघायचं नाही, फक्त आवाज. प्रेक्षकांच्या आवाजावरून बॉल कुठं आहे ते मला कळतं.

आता पैशाचं. माझा पुतण्या मोबाइलवर पैसे लावून टीम बनवायचा. माझ्या शेजारी बसून मॅच बघायचा, पण मॅच बघतच नसायचा. त्याचा डिफेंडर एका संघात, स्ट्रायकर समोरच्या. गोल झाला की आधी मोबाइल बघायचा, मग ठरवायचा की आनंद मानायचा की नाही. ऑगस्ट २०२५मध्ये केंद्राचा कायदा आला, पैशांचे असले ऑनलाइन खेळ बंद झाले, आणि त्यानंतर त्यानं मॅच बघणंच सोडलं. मला फार वाईट वाटलं. खेळ त्याच्यापर्यंत कधी पोचलाच नव्हता. मध्ये पैसाच बसला होता.

म्हणून भीती वाटते. शंभर जणांनी थोडेथोडे दिले तर शंभर जण विचारायला येतात: रेफ्री असा कसा ठेवला, आमच्या पोराला का बसवलं. डोकं खातात, पण येतात. एकट्यानं सगळं दिलं तर बाकीचे कोणत्या तोंडानं विचारतील?

दुसरी बाजू, आमची जाळी फाटलीय, बॉल शिवून शिवून जड झालेत, आणि पोरं म्हणतात, काका, दीड लाख म्हणजे किती हे तुम्हाला कळतंय का. कळतंय. सांगा, काय करावं?

---

आमखासचा_डावखुरा (छत्रपती संभाजीनगर)

काका, पैसे घ्या.

तुमचं सगळं वाचलं, दोनदा वाचलं. अजानच्या वेळी थांबायचं ते वाचून अंगावर काटा आला, आमखास मैदानावर आम्हीही असंच वाढलो. पण मी दुसऱ्या बाजूनं सांगतो, कारण ते बाहेरून आणलेले खेळाडू म्हणजे मीच आहे. मी मॅचमागं पैसे घेऊन खेळलोय. जालना, नगर, मालेगाव, जिथून फोन आला तिथं. एसटीनं जायचं, खेळायचं, रात्रीच्या गाडीनं परत. ज्या दिवशी माझा गुडघा गेला त्या दिवशी मैदानावर अॅम्ब्युलन्स नव्हती, बर्फसुद्धा शेजारच्या रसवंतीवरून आणला. लिगामेंट तुटलंय हे कळायला दोन महिने गेले, कारण एमआरआयचे पैसे नव्हते. त्या मंडळाच्या लोकांचं माझ्यावर प्रेम होतं, खोटं कशाला बोलू. खांद्यावर उचलून नेलं त्यांनी. पण प्रेमानं गुडघा जुळत नाही.

आता मी डिलिव्हरीचं काम करतो. डाव्या पायानं अजून बॉल वळतो, पण पळता येत नाही.

वर्गणीत फक्की, चहा आणि शिल्ड निघतात. पोरांचा विमा निघत नाही. साहेब दीड लाखाचं बक्षीस देतायत ना, त्यांना म्हणा, बक्षीस पन्नास हजार ठेवा आणि उरलेल्यातून आधी अॅम्ब्युलन्स, फिजिओ आणि प्रत्येक पोराचा अपघात विमा. हो म्हणाले तर त्यांचं नाव लावा, काही बिघडत नाही. नाही म्हणाले तर तुम्हालाच कळेल पैसा कशासाठी आलाय.

---

मोटारभरणारा (परभणी)

बाळा, तुझं वाचून दुकानाचं शटर अर्धं ओढून बसलो थोडा वेळ. विम्याचं आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. हे मी बैठकीत सगळ्यात आधी बोलणार. तुझ्या गुडघ्याचं आता काय? इथं नको, मेसेज कर.

---

गोदाकाठ (नांदेड)

मोटारवाले भाऊ, मी निवृत्त शिक्षक. आपल्याकडच्या फुटबॉलची एक गोष्ट नव्या पोरांना कुणी सांगत नाही, ती सांगतो. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिच्यात आहे.

१७ सप्टेंबर १९४८पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात होतो. माझे वडील नोकरीच्या निमित्तानं हैदराबादला राहिलेले. त्यांच्या तोंडी कायम एकच नाव, रहीमसाहेब. सय्यद अब्दुल रहीम, पेशानं शिक्षक. हैदराबाद सिटी पोलिसांचा संघ त्यांनी घडवला. मुंबईचा रोव्हर्स कप या संघानं १९५० ते १९५४ असा सलग पाच वेळा जिंकला. मोहन बागान, ईस्ट बंगाल यांच्यासारखे मोठे क्लब असताना पोलिसांच्या नोकरीतली पोरं येऊन कप घेऊन जायची. पुढं रहीमसाहेब देशाचे प्रशिक्षक झाले. १९५१ला दिल्लीत आशियाई सुवर्ण, १९५६ला मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक, १९६२ला जकार्तात पुन्हा सुवर्ण. जकार्ताच्या वेळी ते कॅन्सरनं पोखरलेले होते. फायनलला दक्षिण कोरियाला २-१ हरवलं आणि पुढच्या वर्षी, १९६३मध्ये, ते गेले. वडील हे सांगायचे तेव्हा आवाज बारीक व्हायचा.

आता पैशाचा मुद्दा. त्या खेळाडूंना पैसा मिळत नव्हता असं नाही. पोलिसातली नोकरी होती, पगार होता, म्हातारपणी पेन्शन होती. तो पैसा बारमाही होता. मॅच हरली म्हणून पगार थांबत नव्हता आणि साहेबाची बदली झाली म्हणून संघ मोडत नव्हता. डावखुऱ्याला जे मिळायला हवं होतं ते हेच.

याच्या उलट उदाहरणं आपल्या डोळ्यांदेखत झालीत. फगवाड्याचा जेसीटी, १९९६-९७ची पहिली राष्ट्रीय लीग जिंकलेला, २०११ला बंद. मुंबईचा महिंद्रा युनायटेड, त्याच लीगचा २००५-०६चा विजेता, २०१०ला बंद. दोन्ही संघांनी चांगलं फुटबॉल खेळवलं, पोरांना पगार दिले, त्याबद्दल आदरच आहे. पण मालकानं ठरवलं आणि संघ संपला. बघणाऱ्याला विचारायला जागाच नव्हती, कारण कागदावर तो कुणीच नव्हता. पुण्याचा आयएसएलमधला (इंडियन सुपर लीग) संघही २०१९ला गेला आणि त्याची जागा हैदराबादला मिळाली.

तेव्हा साहेबांना एवढंच विचारा, तिसऱ्या वर्षी काय? यंदा फ्लडलाइट लागतील. दोन वर्षांत गल्लीला पावती फाडायची सवय राहणार नाही. मग साहेबांचे प्लॉट विकून झाले किंवा निवडणूक होऊन गेली, तर पुन्हा पन्नास रुपये मागायला कोण जाईल? माझं म्हणणं, त्यांचा पैसा घ्या, पण पावतीपुस्तक एक वर्षही बंद ठेवू नका. बेकरीवाल्याचे पाव चालूच राहू द्या.

---

बीडकर_पुण्यात

मी पंचवीस वर्षांपासून इंग्लंडच्या मँचेस्टर युनायटेड क्लबचा चाहता. त्यांचं मैदान, ओल्ड ट्रॅफर्ड, फक्त टीव्हीवर पाहिलंय, पण घरच्यासारखं माहिती आहे.

२००५मध्ये ग्लेझर कुटुंबानं युनायटेड घेतला. घेण्यासाठी जे कर्ज काढलं त्याचा मोठा भाग क्लबच्याच डोक्यावर टाकला. म्हणजे ज्या माणसानं तिकीट काढलं, जर्सी घेतली, त्याच्या पैशातून मालकाच्या खरेदीचं व्याज. तेव्हा काही चाहते उठले आणि त्यांनी त्याच वर्षी स्वतःचा क्लब काढला, एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर. सभासदाला एक मत, शेअर कितीही असोत. खालच्या डिव्हिजनमध्ये, छोट्या मैदानावर खेळतात. मी खूप दिवस त्यांच्यावर चिडून होतो, संघ सोडून कसं जाता येतं म्हणून. आता वाटतं, त्यांनी संघ सोडला नाही, मालक सोडला.

लंडनच्या विम्बल्डन फुटबॉल क्लबचं तर डोळ्यांत पाणी आणणारं आहे. क्लब उचलून मिल्टन कीन्सला न्यायला परवानगी मिळाली. चाहत्यांनी २००२मध्ये मोकळ्या मैदानावर ट्रायल घेऊन नवा संघ उभा केला आणि तो एकेक डिव्हिजन चढत गेला. २०२०मध्ये ते आपल्या जुन्या भागात, प्लाऊ लेनला, नव्या मैदानावर परतले. दुसऱ्या बाजूला बरी नावाचा १८८५चा क्लब, दोन वेळा एफए कप जिंकलेला, ऑगस्ट २०१९मध्ये लीगमधून काढून टाकला, कारण आर्थिक घडीच राहिली नव्हती. गावातली म्हातारी माणसं स्टेडियम साफ करायला आली होती, मॅच होईल या आशेवर. भक्ती होती, पण हिशोबाची वही त्यांच्या हातात नव्हती.

एप्रिल २०२१ आठवतंय ना? युरोपातल्या बारा श्रीमंत क्लबांनी स्वतःची सुपर लीग जाहीर केली. चेल्सीचे चाहते स्वतःच्याच क्लबच्या दारात रस्ता अडवून उभे राहिले आणि दोन दिवसांत त्यातले सहाही इंग्लिश क्लब मागं फिरले. इंग्लंडमध्ये कागदावर चाहत्याला काही हक्क नसताना हे झालं. जर्मनीत तर नियमच आहे, ज्याला ५०+१ म्हणतात: क्लबच्या सभासदांकडं निम्म्याहून एक तरी मत जास्त राहिलंच पाहिजे, गुंतवणूकदार कितीही मोठा असो. लेव्हरकुसेन, वोल्फ्सबर्गसारखे जुने अपवाद आहेत, लाइपझिगनं पळवाट काढली असं लोक म्हणतात, पण पाया तो आहे. तिथं उभं राहून बघायच्या जागा अजून आहेत, तिकीटही इंग्लंडपेक्षा स्वस्त.

काका, तुम्हाला परभणीत ५०+१ करता येईल. मंडळ नोंदणीकृत आहे का? असेल तर ठराव करा: समितीत देणगीदाराचा एकच माणूस. मॅच कधी थांबायची, कोण खेळायचं, फायनल कोणत्या तिथीला, हे समितीच ठरवणार. नाव तीन वर्षांसाठी, कायमचं नाही. कायमचं नाव देण्याचा अधिकार आजच्या समितीलाही नाही, कारण मैदान पुढच्या पोरांचंही आहे.

---

लातूरची_कोच

सगळ्यांचं वाचतेय. छान बोलताय, मनापासून म्हणते. एक विचारू का? इतक्या पावत्यांमध्ये, दीड लाखामध्ये, अजानमध्ये आणि एकादशीमध्ये मुली कुठं आहेत?

माझ्याकडं सकाळी साडेपाचला वीसेक मुली येतात. शाळेचं मैदान सात वाजता सोडावं लागतं. त्यांच्या आया विचारतात, मॅडम, हिला स्पर्धा कधी? तालुक्यात मुलींसाठी एक टुर्नामेंट नाही. जुलै २०२५मध्ये आपल्या देशाच्या मुलींनी थायलंडमध्ये जाऊन थायलंडलाच २-१ हरवलं आणि आशिया कपचं तिकीट पात्रता फेरीतून मिळवलं. संगीता बासफोरचे दोन्ही गोल मी मुलींना मोबाइलवर दाखवले. एका मुलीनं विचारलं, यांच्या घरी ओरडत नाहीत का?

भाऊ, त्या साहेबांना दिवे लावायचेच असतील तर लावू द्या. दिवे असतील तर मुली संध्याकाळी सातनंतरही खेळतील. मात्र दिवे मैदानाला कायमचे मिळाले पाहिजेत, टुर्नामेंट संपल्यावर भाड्याच्या टेम्पोत परत जायला नकोत. आणि शेवटच्या दिवशी फायनलच्या आधी मुलींची एक मॅच. प्रदर्शनी नको, हिशोबातली, शिल्डवाली.

---

मोटारभरणारा (परभणी)

ताई, आमच्याकडं मुलींची मॅच कधीच झाली नाही. आईला सांगितलं तर ती म्हणाली, जनाबाई दळण-कांडण करून अभंग रचायची, तुमच्या पोरींना तासभर पळायला काय होतंय. म्हणजे घरचा ठराव मंजूर आहे.

कालच साहेबांना भेटून आलो. माणूस वाईट नाही. त्यांचे वडील याच मैदानावर रेफ्री होते, हे मला आठवलं. शिट्टी दोरीला नाही, रुमालाला बांधलेली असायची त्यांची. अजानला खेळ थांबवायचे ते तेच. मी साहेबांना म्हणालो, तुम्ही वडिलांचं नाव लावताय आणि त्यांनी जे केलं तेच बंद करताय. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, इव्हेंटवाल्यांशी बोलतो. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

कायमच्या नावावर मात्र अडून आहेत. मी पण अडून राहणार. ज्यांच्यावर माझी श्रद्धा आहे त्या माणसाचं नाव लावायलाही मी तयार आहे, पण मालकी म्हणून नाही. बाहेरच्या खेळाडूंबद्दल मी दोनचा आकडा सुचवला, संघात नऊ इथलेच. डावखुरा, तुझ्यासारख्यांचा रोजगार मारायचा नाही, पण बेंचवर बसलेल्या आमच्या पोराचं तोंड मला दर वर्षी बघावं लागेल. आणि जे दोन येतील त्यांचाही विमा.

पावतीपुस्तक छापायला टाकलंय. साहेब येवोत न येवोत.

बीडकर, मंडळ नोंदणीकृत आहे, धर्मादाय आयुक्तांकडं. घटनेची प्रत ट्रंकेत सापडली, कडा उंदरांनी खाल्ल्यात, पण वाचता येते. तो ठराव नेमका कसा लिहायचा, देणगीदाराचा एकच माणूस आणि नाव तीन वर्षं, याचा कच्चा मसुदा मिळेल का? आमच्यात कायद्याची भाषा येणारं कुणी नाही. शनिवारी रात्रीपर्यंत चालेल.

---

बीडकर_पुण्यात

बायको वकील आहे, तिला बसवलंय. घटनेतला देणग्यांचा आणि समितीचा भाग, दोन्हीचे फोटो पाठवा, त्याला धरूनच लिहावं लागेल. उद्या दुपारपर्यंत मसुदा टाकतो. दिवे मैदानाच्या मालकीचे राहतील हे वाक्य ताईंच्या सांगण्यावरून वेगळं घालतोय. मैदान महापालिकेचं आहे की शाळेचं, तेवढं कळवा.